केसभर फट

तीन मिलिमीटर जाडीची पितळी सळई ड्रिल मशीनच्या चकमध्ये आवळायची. मशीन व्हाइसमध्ये आडवं, अजिबात हलणार नाही असं धरायचं. वेग कमी ठेवून सळई फिरू द्यायची आणि तिच्यावर सोनारकामातली बारीक कानस अलगद टेकवायची. पिवळी भुकटी पडू लागते, सळईच्या टोकाला उतार येतो आणि थोड्या वेळात एक पिन तयार होते. लांबी सात-आठ मिलिमीटर, एका बाजूने निमुळती, दुसऱ्या बाजूने सपाट. फ्लॅटच्या दाराला जे सिलिंडर लॉक असतं त्यात अशा पिनांच्या पाच-सहा जोड्या असतात. घराची सगळी राखण त्यांच्या लांबीतल्या किरकोळ फरकावर चाललेली असते.

कारखाना नाही, लेथ नाही. व्हाइस, ड्रिल, हॅकसॉ, चार कानशी आणि एक व्हर्निअर एवढ्यावर कुलपाचे भाग घडवणारे हौशी लोक आज जगभर आहेत. नेदरलँड्समध्ये ‘टूल’ नावाची त्यांची संघटना आहे. हे लोक स्वतःच्या हातांनी पिना, स्प्रिंगा, किल्ल्या बनवून एखाद्या साध्या कुलपाचं अवघड कुलूप करतात आणि ते एकमेकांना उघडायला देतात. नियम दोनच, आणि ते कडक आहेत: जे कुलूप आपल्या मालकीचं नाही त्याला हात लावायचा नाही, आणि जे दारावर रोजच्या वापरात आहे त्यावर प्रयोग करायचा नाही. चोराला या खटाटोपात काडीचा रस नसतो. त्याला पहार पुरते.

मला या कामाचं जे मोल वाटतं ते सांगायचं तर आधी कुलपाच्या पोटात शिरावं लागेल.

बाहेर धातूची बॉडी. तिच्यात आरपार गोल भोक आणि त्या भोकात फिरणारा दंडगोल, म्हणजे प्लग. किल्ली जाते ती या प्लगच्या खाचेत. बॉडी आणि प्लग या दोन्हींतून उतरणारी, एका ओळीतली पाच भोकं. प्रत्येक भोकात एकीवर एक अशा दोन पिना. खालची किल्लीला टेकते, वरची तिच्यावर बसते, आणि सगळ्यांत वर स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा स्प्रिंग वरच्या पिनेला खाली दाबते. ती निम्मी बॉडीत आणि निम्मी प्लगमध्ये राहते, त्यामुळे प्लग फिरू शकत नाही. योग्य किल्ली गेली की तिचा प्रत्येक दाता आपल्या जोडीला नेमका इतका उचलतो की दोन पिनांमधला सांधा प्लगच्या काठाशी येतो. पाचही सांधे एका रेषेत आले की वाट मोकळी.

दात्यांच्या सहा उंच्या धरल्या तर पाच पिनांच्या कुलपाच्या ७,७७६ निरनिराळ्या किल्ल्या होऊ शकतात. दहा उंच्या धरल्या तर एक लाख. प्रत्यक्षात आकडा बराच खाली येतो, कारण शेजारशेजारच्या दात्यांत फार मोठा चढउतार कापता येत नाही. अमेरिकेतल्या श्लेग कंपनीच्या कुलपात एका पायरीचा फरक ०.०१५ इंच, म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर. तेवढ्यानं शेजाऱ्याची किल्ली आपल्या दाराला लागत नाही.

पण हे झालं कागदावरचं कुलूप. पिन भोकात सरकायला हवी, म्हणून भोक पिनेपेक्षा कणभर मोठं ठेवावंच लागतं. प्लग फिरायला हवा, म्हणून त्याच्याभोवतीही केसभर फट ठेवावी लागते. शिवाय पाच भोकं तंतोतंत एका रेषेत पाडणं कोणत्याही यंत्राला जमलेलं नाही. एखादं शतांश मिलिमीटरभर इकडे, एखादं तिकडे सरकतंच. त्यामुळे किल्लीशिवाय प्लगला हलका पीळ दिला तर पाचही पिना एकदम अडकत नाहीत. जिचं भोक सर्वांत जास्त सरकलेलं असतं तीच आधी अडकते. तिला पातळ पोलादी आकड्यानं हळूच उचललं की सांधा काठावर येतो, प्लग जाणवेल न जाणवेल इतका फिरतो आणि मग दुसरी अडकते. मग तिसरी. किल्लीशिवाय कुलूप उघडण्याची विद्या म्हणजे कारागिराच्या हातून राहिलेली ही फट बोटांनी वाचणं. उलट, ही फट कमी करणं किंवा उघडणाऱ्याची बोटं फसवणं हे कुलूप करणाऱ्याचं काम. गेली दोनशेहून अधिक वर्षं हा डाव याच नियमांनी चालला आहे.

या डावातूनच आधुनिक यंत्रशाळा जन्माला आली. कुलपाच्या भागांबद्दल बोलताना मला सर्वांत आधी हेच सांगावंसं वाटतं, कारण अभियांत्रिकीच्या वर्गात ते फारसं सांगितलं जात नाही.

जोसेफ ब्रामा हा यॉर्कशायरमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, सुतारकाम शिकून लंडनला आलेला. १७८४ साली त्यानं एका कुलपाचं पेटंट घेतलं. त्याची किल्ली म्हणजे एक लहान नळी, जिच्या तोंडावर कमीजास्त खोलीच्या चिरा कापलेल्या असत. नळी आत दाबली की कुलपातल्या पातळ पट्ट्या आपापल्या चिरेच्या खोलीइतक्या आत सरकत, आणि सगळ्यांच्या खाचा एका पातळीत आल्या की कुलूप फिरे. कल्पना उत्तम होती. अडचण अशी की ते बनवणार कोण? दर पट्टीची खाच, दर चीर, दर स्प्रिंग हातानं अचूक करायची तर एका कुलपाला इतका वेळ लागे की किंमत परवडेना. उत्तम लोहारही हात टेकत.

तेव्हा ब्रामाकडे वूलिचच्या शस्त्रागारातला एक पोरगा आला. हेन्री मॉडस्ले, वय अठरा. या पोरानं कुलपाचे भाग करण्याऐवजी कुलपाचे भाग करणारी साधनं करायला घेतली. एकसारख्या स्प्रिंगा गुंडाळणारं यंत्र, चिरा ठरलेल्या खोलीइतक्याच कापणारं यंत्र, काम पटकन आणि पुन्हा त्याच जागी धरणारा व्हाइस. यातली काही आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहेत. ब्रामानं पुढे १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, त्यातही मॉडस्लेचा हात होता. मॉडस्ले कारखान्याचा प्रमुख झाला. लग्न झालं, संसार वाढला, आणि त्यानं आठवड्याच्या ३० शिलिंगांवर वाढ मागितली. ब्रामानं नाही म्हटलं. १७९७ साली मॉडस्ले बाहेर पडला आणि त्यानं स्वतःचं दुकान काढलं.

पुढचं सगळ्या जगाच्या उपयोगी पडलं. १८००च्या सुमारास त्यानं आटे कापणारा अचूक लेथ सिद्ध केला. टेबलावर ठेवायचा एक मायक्रोमीटर बनवला आणि त्याला ‘लॉर्ड चान्सलर’ असं नाव दिलं, कारण मापावरून वाद झाला की निकाल तो द्यायचा. त्याच्या हाताखाली जोसेफ व्हिटवर्थ तयार झाला, ज्यानं १८४१ साली आट्यांचं प्रमाणीकरण सुचवलं. जेम्स नास्मिथ तयार झाला, ज्यानं वाफेवर चालणारा घण केला. आज कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये लेथवर टूल सरकतं त्याची वंशावळ मागे नेत गेलं तर एका कुलपाच्या खाचेपाशी जाऊन थांबते.

ब्रामाच्या पिकॅडिलीच्या दुकानाच्या खिडकीत अठरा पट्ट्यांचं एक कुलूप टांगलेलं असे. जो कोणी ते हत्यारानं उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस, अशी पाटी. कित्येक दशकं ते कुणालाच उघडलं नाही. १८५१ साली लंडनला महाप्रदर्शन भरलं तेव्हा अमेरिकेहून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा कुलूपतज्ज्ञ आला. त्यानं आधी चब कंपनीचं नामांकित डिटेक्टर कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलं. हे साधंसुधं कुलूप नव्हतं. जेरेमाया चबनं १८१८ साली त्याचं पेटंट घेतलं होतं आणि चुकीच्या हत्यारानं आतली एखादी पट्टी, म्हणजे लिव्हर, जास्त उचलली गेली तर कुलूप जागच्या जागी अडकून मालकाला खबर देत असे. मग हॉब्जनं ब्रामाच्या खिडकीतलं कुलूप मागितलं. पंच नेमले गेले, तीस दिवसांची मुदत ठरली. सोळा दिवसांत मिळून ५१ तास काम करून त्यानं ते उघडलं. पद्धत वर सांगितली तीच: पीळ द्यायचा, कोणती पट्टी जास्त घट्ट आहे ते जोखायचं, तिला हलवायचं, नोंद ठेवायची.

इंग्लंडमध्ये हलकल्लोळ झाला. अशा गोष्टी उघड बोलाव्यात का, चोरांना शिकवल्यासारखं होईल, असा सूर निघाला. हॉब्जचं उत्तर आजही पटतं: चोर आपल्या धंद्यात आधीच तरबेज असतात, कुलपातली उणीव झाकून ठेवली तर अंधारात राहतो तो फक्त प्रामाणिक गिऱ्हाईक. नंतर हॉब्जनं लंडनलाच कारखाना काढला आणि कुलपाचे भाग यंत्रावर करायला सुरुवात केली.

ब्रामाच्या कारखान्यातल्या लोकांनीही एक तोड काढली होती. पट्टीवर एका खऱ्या खाचेबरोबर दोन-तीन खोट्या, उथळ खाचा कापायच्या. उघडणाऱ्याला वाटतं पट्टी जागेवर बसली. प्रत्यक्षात ती भलत्याच खाचेत अडकलेली असते. फट नाहीशी करता येत नसेल तर फटीतून खोटी बातमी पाठवायची. घरच्या टेबलावर हौशी माणूस जी पिन घडवतो ती याच खोट्या खाचेची नात आहे.

तर पुन्हा ड्रिलपाशी येऊ. पिनेसाठी साधं मऊ पितळ नको; लेथवर चालणारं, थोडं शिसं घातलेलं पितळ हवं. त्यात सुमारे साठ टक्के तांबं, उरलेलं बहुतेक जस्त, आणि तीनेक टक्के शिसं. त्यामुळे त्याचा लांब वेटोळ्यांचा कीस न निघता भुकटी पडते. ही भुकटी खाण्याच्या टेबलावर सांडू द्यायची नाही, काम झालं की हात साबणानं धुवायचे. सळई वजनावर मिळते. कानशी, टॅप, ड्रिल बिट घ्यायचे तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी. कानस नवी असेल तर ती आधी पितळेवर वापरायची आणि धार थोडी उतरली की लोखंडावर. उलट केलं तर पितळेवर ती नुसती घसरते. कानशीवर खडू घासून घ्यायचा म्हणजे दात्यांत कीस भरत नाही. कानशीला मूठ हवीच. शेपटी तळहातात घुसली तर जखम खोल होते. डोळ्यांवर चष्मा, बाह्या दुमडलेल्या, आणि फिरत्या चकजवळ हातमोजे कधीही नाहीत.

आपल्याकडच्या वर्कशॉपात अजून सूत चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. कुलपाची पिन एका सुतापेक्षा किंचित बारीक असते आणि प्लग बहुधा चार सुतांच्या आसपास. म्हणून कुलूप खोलायचं पहिलं साधनही घरीच होतं: चार सुती ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची गोल दांडी. किल्ली फिरवून प्लग मागून बाहेर ढकलायचा आणि त्याच्या पाठोपाठ ही दांडी आत सरकवायची. मध्ये फट राहू दिली नाही तर वरच्या पिना आणि स्प्रिंगा बॉडीतच थोपून राहतात. दांडी विसरली तर पाच स्प्रिंगा खोलीभर उडतात, आणि त्यातली एक हमखास सापडत नाही.

आता फसवी पिन. वरची साधी पिन सरळ दंडगोल असते. तिच्या दोन्ही टोकांना अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची कड ठेवून मधला भाग कानशीनं कोरून काढायचा. तीन मिलिमीटरची जाडी कमरेत दोनावर आणायची. झाली डमरूसारखी पिन. हौशी मंडळी तिला स्पूल म्हणतात. पीळ देऊन ही पिन उचलली की कुठेतरी तिची बारीक कंबर प्लगच्या काठाशी येते. कंबर बारीक असल्यामुळे प्लगला फिरायला जागा मिळते आणि तो एकदम काही अंश फिरतो. हाताला वाटतं, उघडलं. पण कड अडकलेली असते आणि आता कितीही जोर केला तरी पुढे काही नाही. सुटका एकच: पीळ सैल करत प्लगला मागे येऊ द्यायचं आणि त्याच वेळी पिनेला वर ढकलायचं. मागे येऊ देताना आधी बसवलेल्या दोन पिना घसरून खाली पडतात आणि सगळं पहिल्यापासून.

सगळं कसब कडेत आहे. कड गोलसर झाली तर पिन अडकणारच नाही, मेहनत वाया. कड धारदार ठेवली पण तिच्यावर कानशीची कोर उरली तर ती भोकाला घासेल आणि मालकाची स्वतःची किल्लीही अडखळू लागेल. म्हणून शेवटी हजार नंबरचा पॉलिश पेपर दोन बोटांत धरून हलक्या हातानं फिरवायचा. किती, हे मापानं सांगता येत नाही. पिन भोकात टाकायची, कुलूप उलटं करायचं, आणि ती स्वतःच्या वजनानं खाली आली पाहिजे. आली की थांबायचं.

एवढ्यावर भागत नाही अशांसाठी पुढची पायरी आहे. भोकांच्या आतल्या भिंतींना साडेतीन मिलिमीटरच्या टॅपनं आटे पाडायचे आणि पिनेवर तीन-चार बारीक खाचा कोरायच्या. मग पीळ दिला की पिनेच्या खाचा आट्यांच्या कंगोऱ्यांत रुततात आणि प्रत्येक कंगोऱ्यावर टक् असा खोटा होकार मिळत राहतो. दिसायला हे अगदी साधं काम आहे. परंतु टॅप वाकडा गेला तर बॉडी कायमची बाद, म्हणून प्रत्येक पाव फेऱ्यानंतर टॅप मागे घेऊन कीस मोकळा करावा लागतो. व्हिटवर्थनं ज्या आट्यांना शिस्त लावली त्यांचा इथे कुलपाच्या कामी असा उपयोग होतो.

स्प्रिंगही घरी होते. सतारीची किंवा गिटारची पातळ, न गुंडाळलेली पोलादी तार घ्यायची आणि दोन मिलिमीटरच्या ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांड्यावर, चक हातानं फिरवत, सारख्या अंतरानं गुंडाळायची. सोडल्यावर तार थोडी उलगडते आणि स्प्रिंगचा व्यास वाढतो. म्हणून गुंडाळण्याचा दांडा हव्या त्या मापापेक्षा बारीक घ्यायचा असतो. मॉडस्लेला यंत्र का करावंसं वाटलं हे पाच स्प्रिंगा एकसारख्या करायला बसलं की कळतं. चार होतात. पाचवी हट्ट करते.

आपल्याकडच्या माणसाला सिलिंडर लॉकपेक्षा लिव्हरचं कुलूप जवळचं. डब्यावर ‘सहा लिव्हर’, ‘सात लिव्हर’ असं छापलेलं असतं ते. लिव्हर म्हणजे पितळी पत्र्याचा एका टोकाशी खिळलेला तुकडा, ज्याच्या मध्यावर एक खाच. किल्ली सगळे लिव्हर आपापल्या उंचीला उचलते, खाचा समोरासमोर येतात आणि त्यातून खिट्टीचा खुंट सरकतो. रॉबर्ट बॅरन या इंग्रजानं १७७८ साली यातली मुख्य गोष्ट शोधली: लिव्हर कमी उचलला तरी कुलूप उघडू नये आणि जास्त उचलला तरीही. जुन्या वाड्यातल्या एखाद्या पेटीच्या कुलपाचा लिव्हर झिजला असेल तर तो घरी नवा करता येतो. दीड मिलिमीटरचा पितळी पत्रा, जुना लिव्हर त्यावर ठेवून सुईनं आखलेली रेघ, हॅकसॉ आणि त्रिकोणी कानस. खाच मात्र आधी कापायची नाही. नवा लिव्हर जागेवर बसवायचा, किल्ली फिरवायची, खुंट नेमका कुठे टेकतो तिथे खूण करायची आणि मग खाच काढायची. किल्लीला प्रमाण मानून कुलूप घडवायचं, ही जुन्या कारागिरांची रीत.

रस्त्याकडेला बसणारे किल्लीवाले याच्या बरोबर उलट्या दिशेनं जातात. किल्ली हरवलेलं कुलूप त्यांच्यापुढे ठेवलं की कोरी किल्ली ज्योतीवर धरून काजळी लावतात, कुलपात घालून पीळ देतात आणि बाहेर काढून उन्हात तिरकी धरून पाहतात. जिथे पिन किंवा लिव्हर दाबला गेला तिथे काजळीवर बारीकसा ठिपका उमटतो. तिथे कानशीचे एक-दोन हात. पुन्हा आत. ठिपका उमटायचा थांबला की ती जागा पुरी झाली. याला फक्त कोरी किल्ली, कानस आणि नजर लागते. पदपथावर पेटी मांडून बसलेला तो माणूस शतांश मिलिमीटरचं काम मापाशिवाय करत असतो, आणि आपण उभ्याउभ्या त्याच्याशी दहा-वीस रुपयांची घासाघीस करतो. हे मला फार खुपतं.

घरी कुलपाचे भाग करण्याची दुसरीही एक कहाणी आहे. ती हौसेची नाही, पोटाची आहे. इंग्लंडमधलं विलेनहॉल हे स्टॅफर्डशायरचं गाव कुलपांसाठी प्रसिद्ध होतं. कारखाने थोडे, घरं जास्त. मागच्या अंगणात छोटं वर्कशॉप, त्यात बाप, पोरं आणि शिकाऊ मुलं व्हाइसवर वाकून दिवसभर कानस चालवत. वर्षानुवर्षं एकाच बाजूला वाकून त्यांच्या पाठीला कुबड येई. इतक्या जणांना, की गावाला लोक ‘हम्पशायर’ म्हणत, कुबड्यांचा मुलूख. १८४०च्या दशकात बालकामगारांची चौकशी करणाऱ्या आयोगासाठी आर. एच. हॉर्न तिथे गेले, तेव्हा शिकाऊ मुलांना हाताला येईल त्या हत्यारानं मारलं जाई हेही नोंदलं गेलं. डिझरायलीनं ‘सिबिल’ कादंबरीतलं कारागिरांचं उग्र गाव याच विलेनहॉलवरून घेतलं. त्या गावातलं हॉडसन कुटुंबाचं घर आणि मागचं वर्कशॉप आता संग्रहालय म्हणून जपलं आहे.

अलीगढचं चित्र याहून फार वेगळं नाही. १८७०च्या सुमारास जॉन्सन अँड कंपनी तिथे इंग्लंडहून कुलपं आणून विकू लागली आणि पुढे तिथेच बनवूही लागली. मग धंदा गल्ल्यांत पसरला. एका घरात पत्रा कापायचा, दुसऱ्यात प्रेसवर भोकं पाडायची, तिसऱ्यात घासून चकाकी आणायची, चौथ्यात ॲसिडच्या हौदांत बुडवून मुलामा द्यायचा. १९८०च्या दशकात नीरा बुर्रा यांनी या गल्ल्यांतल्या बालमजुरांचा अभ्यास केला. पॉलिशची धूळ, ॲसिडची वाफ आणि प्रेसखाली जाणारी लहान बोटं यांबद्दल त्यांनी लिहिलं. हौशी माणसानं हे लक्षात ठेवावं. त्याला दमल्यावर कानस खाली ठेवता येते. जे काम आपल्याला दुपारचा आनंद देतं तेच रोज बारा तास, उजेड आणि हवा नसलेल्या खोलीत केलं तर माणसाची पाठ आणि फुप्फुसं खातं.

हौसेनं कुलपं करणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध नाव फ्रान्सच्या सोळाव्या लुईचं. व्हर्सायच्या राजवाड्यात त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं आणि फ्रांस्वा गामँ हा कुलूपवाला त्याचा गुरू. १७९२ साली राजानं भिंतीतल्या गुप्त लोखंडी कपाटाच्या कामाला याच गामँला बोलावलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात गामँनं क्रांतिकारी सरकारला त्या कपाटाची जागा दाखवली. आतले कागद खटल्यात वापरले गेले आणि जानेवारी १७९३ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला.

सध्याच्या सिलिंडर लॉकचं रूप लायनस येल या बापलेकांचं. पिनांची मूळ कल्पना प्राचीन. खोर्साबादला प्राचीन ॲसिरियाचा राजा सारगॉन याच्या राजवाड्यात लाकडी पिनांचं कुलूप सापडलं होतं. धाकट्या येलनं १८६१ आणि १८६५च्या पेटंटांनी तिला धातूचं, खिशात मावणाऱ्या चपट्या किल्लीचं रूप दिलं.

आपल्याकडे ज्यानं घरगुती साधनांपासून सुरुवात करून कुलूप मोठं केलं तो अर्देशिर गोदरेज. वकिली सोडलेला पारशी तरुण. पहिला धंदा शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा, तो मोडला. कारण माल इंग्लंडचा म्हणून विकायची गिऱ्हाइकाची अट होती आणि अर्देशिरांना त्यावर भारताचंच नाव हवं होतं. मुंबईतल्या वाढत्या घरफोड्यांची बातमी वाचून ते कुलपाकडे वळले आणि १८९७ साली लालबागला एका लहानशा शेडमध्ये काम सुरू झालं. कुलपातली स्प्रिंग मोडली की कुलूप मेलं, ही खरी दुखरी जागा त्यांनी ओळखली आणि पुढे स्प्रिंगशिवाय चालणारं कुलूप काढलं. स्वातंत्र्यानंतर गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या झाल्या. प्रत्येक पेटीला बाहेरून कुलूप लावायचं तर खर्च आवाक्याबाहेर जात होता. तेव्हा पेटी आतल्या आत बंद होईल अशी रचना शोधून दिली ती शॉप फ्लोअरवरच्या नाथालाल पांचाळ या कामगारानं. देशाचं पहिलं मतदान सुरक्षित ठेवणारा भाग काम करणाऱ्या हातांतून सुचला होता. १९५४ साली आलेलं गोदरेजचं ‘नवताल’ कुलूप तर मराठी घरांत इतकं रुळलं की गावाला निघताना दार ओढून नवताल ओढून पाहिल्याशिवाय पाय निघत नसे.

तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये अजून हातानं कुलपं होतात. आंब्याच्या आकाराचं ‘मांगा पूट्टु’ तिथली खासियत. २०१९ साली दिंडिगुलच्या कुलपाला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं नाव टिकतं, कारागीर टिकायला मजुरी लागते. यंत्रावरच्या स्वस्त कुलपापुढे हातकामाची किंमत द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी कुलपं पाहताना लोक नक्षीपाशी रेंगाळतात. नक्षी सुंदर आहेच, पण आतलं काम काचेआड दिसत नाही. एखादं कुलूप कापून त्याचं पोट उघडं करून ठेवलं तर शाळेच्या मुलांना तासभर हलवता येणार नाही.

माझी सूचना यापुढची आहे. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये दोन वर्षं मुलं कानस चालवतात. ठोकळा काटकोनात आणतात, एकमेकांत बसणारे खाचेचे जोड करतात, ०.०४ मिलिमीटरच्या मर्यादेत. जॉब झाला, गुण मिळाले की तो ठोकळा भंगारात जातो. कुलपातली फट याच मापाच्या आसपासची असते. मग दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक पाच पिनांचं कुलूपच करायला द्यावं. सामान फार नाही: दीड इंची पितळी ठोकळा, चार सुती सळईचा तुकडा, तीन मिलिमीटरची फूटभर सळई, तारेची एक गुंडाळी आणि किल्लीसाठी पट्टी. त्यात आखणी आली, ड्रिलिंग आलं, रीमर आला, टॅप आला, कानस आली, मोजमाप आलं. आणि परीक्षा व्हर्निअरनं घेऊ नये. प्रत्येकाचं कुलूप शेजारच्या व्हाइसवरच्या मुलाला द्यावं, किल्ली न देता, सोबत एक पोलादी आकडा आणि पीळ द्यायची पट्टी. तो सांगेल की तुझं तिसरं भोक डावीकडे सरकलंय. मग किल्ली लावून प्लग काढायचा, भोक मोजायचं, आणि नवा ठोकळा व्हाइसमध्ये धरायचा.